बिल्डर नको, आपणच बांधू म्हणताय? मग सुरुवात इथून करा

मुंबईत घर घ्यायचं म्हटलं की बहुतेकांना दोनच रस्ते दिसतात, एक म्हणजे म्हाडाच्या लॉटरीचा फॉर्म भरायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, नाहीतर वीस वर्षांचा ईएमआय गळ्यात बांधून विरार-बदलापूर गाठायचं. तिसरा रस्ता बऱ्याच जणांच्या घरातच आहे, म्हणजे आईवडील ज्या जुन्या सोसायटीत राहतात त्या सोसायटीची जमीन. ती बिल्डरला दिली तर तो आपल्याला थोडी मोठी घरं बांधून देतो आणि उरलेले मजले विकून नफा घेऊन जातो. सोसायटीने स्वतःच बांधलं तर तोच नफा सभासदांकडे राहतो, मग त्यातून घरं मोठी करा, कॉर्पस म्हणजे राखीव निधी ठेवा, नाहीतर सोसायटीतल्याच पोरांना परवडेल अशा भावात चार फ्लॅट द्या, तुमची मर्जी. कागदावर याला स्वयंपुनर्विकास म्हणतात, बोलताना सगळे सेल्फ रिडेव्हलपमेंट म्हणतात.

हे काही आजचं खूळ नाही. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली तेव्हा कल्पना हीच होती, की आपण एकत्र पैसे घालू आणि आपली घरं आपण बांधू. मधल्या काळात आपल्याला बिल्डरची सवय लागली एवढंच. आता मुलुंड, घाटकोपर, गोरेगाव, चारकोप इथे सोसायट्यांनी स्वतः इमारती बांधून दाखवल्यात. पण एक सांगतो, बिल्डरचा नफा ठेवायचा तर बिल्डरचं डोकेदुखीचं कामही तुम्हालाच करावं लागणार, आणि ते ठरावीक क्रमाने केलं नाही तर नफा राहिला बाजूला, लोक भाड्याच्या घरात अडकून बसतात. म्हणून क्रम सांगतो.

पायरी १ : जमीन कोणाच्या नावावर आहे?

मीटिंग नंतर घ्या, आर्किटेक्ट नंतर शोधा, आधी मालमत्ता पत्रक काढा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. सिटी सर्व्हे ऑफिसमधून मिळतं, महाभूलेखवर ऑनलाइनही निघतं. त्यावर सोसायटीचं नाव असेल तर अर्धी लढाई जिंकलात. बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या बिल्डरचं नाहीतर मूळ जमीनमालकाचं नाव असतं आणि सभासदांना ते तीस वर्षं माहीतच नसतं, कारण शेअर सर्टिफिकेट कपाटात आहे म्हणजे सगळं आपलं असा समज.

१९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे (फ्लॅटविक्रीचा राज्याचा कायदा) सोसायटी नोंदली की चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स करून द्यायला हवं, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायला हवी. देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यावर उपाय म्हणून डीम्ड कन्व्हेयन्स आहे, मराठीत मानीव अभिहस्तांतरण. नमुना ७ मध्ये जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, बिल्डरला नोटीस जाते, सुनावणी होते, आदेश निघतो, मग स्टँप ड्युटीचं अ‍ॅडज्युडिकेशन (किती भरायची ते ठरवून घेणं), मग रजिस्ट्रेशन. आणि इथे बऱ्याच सोसायट्या थांबतात, आदेश मिळाला म्हणून पेढे वाटतात आणि प्रॉपर्टी कार्डावर नाव चढवायचं राहून जातं. बँक कार्ड बघते, पेढे बघत नाही. प्लॉटचा एरिया कार्डावर वेगळा आणि प्रत्यक्ष मोजणीत वेगळा निघाला तर तेही आत्ताच दुरुस्त करून घ्या, प्लॅन मंजुरीला गेल्यावर हे निघालं की महिने जातात.

म्हाडा कॉलनीत असाल, कन्नमवार नगर, पंतनगर, टिळक नगर वगैरे, तर तिथला प्रकार वेगळा. जमीन म्हाडाची, सोसायटीला लीज डीड आणि इमारतीचं सेल डीड. ही दोन्ही झालीत का, लीजचं भाडं आणि सर्व्हिस चार्जेस थकलेत का ते बघा. थकबाकी असेल तर भरून मोकळे व्हा, एनओसीच्या वेळी ती निघतेच.

पायरी २ : इमारत पाडायची वेळ आली आहे का

स्ट्रक्चरल ऑडिट करा. आदर्श उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी करायचंच असतं. रिपोर्टमध्ये सी-१ आलं म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ असेल तर दुरुस्तीने भागतं. फक्त मोठं घर हवं म्हणून चांगल्या इमारतीचा सी-१ करून आणणारे महाभाग असतात, त्या वाटेला जाऊ नका, एखादा सभासद कोर्टात गेला की तोच रिपोर्ट तुमच्या अंगलट येतो.

पायरी ३ : प्लॉटवर किती बसतंय

आता आर्किटेक्ट गाठा आणि फीजिबिलिटी रिपोर्ट करून घ्या. त्यासाठी लागतो पालिकेचा डीपी रिमार्क, म्हणजे प्लॉटवर काही आरक्षण आहे का, रस्तारुंदीत किती जागा जाते, समोरचा रस्ता किती रुंद. रस्त्याच्या रुंदीवर मुंबईत सगळं ठरतं हे लोकांना पटत नाही. उपनगरात साध्या प्लॉटला मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १, आणि रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर साध्या नियमात तिथेच थांबलात. ९ ते १२ मीटर असेल तर प्रीमियम (जादा एफएसआयसाठी भरायचे पैसे) आणि टीडीआर (दुसऱ्या प्लॉटचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) घेऊन २ पर्यंत, १२ ते १८ ला २.२, १८ ते २७ ला २.४, त्याच्या पुढे २.५. शहरात मूळ १.३३. म्हाडा लेआउटला विकास नियमावलीतलं ३३(५) लागतं, तिथे ३ पर्यंत जातं म्हणून म्हाडावाल्यांचा हिशोब जरा सुखाचा असतो. या सगळ्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा बांधकाम, सभासदांच्या जुन्या एरियावरचं फुकट आणि विक्रीच्या एरियावरचं प्रीमियम भरून.

जुन्या सोसायट्यांना ३३(७)(ब) खाली अजून एक मिळतं, जुन्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर घरामागे १० चौरस मीटर, जे जास्त असेल ते, विना प्रीमियम. घरं लहान आणि संख्येने जास्त असतील तर १० मीटरवालं फायद्याचं पडतं.

आणि विमानतळ. सांताक्रुझ, विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपरचा काही भाग, इथे उंचीची मर्यादा आहे, एफएसआय कागदावर मिळतो पण वर चढता येत नाही. रेल्वेलाइनला लागून असाल तर रेल्वेची एनओसी, समुद्र-खाडीजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. हे आधी विचारा. बाकी सगळं नंतर.

पायरी ४ : हिशोब, आणि तो वाईट दिवसाचा सुद्धा

इथे जरा बसून वाचा, वहीपेन घेऊन. मी एक काल्पनिक सोसायटी घेतो, आकडे तुमचे तुम्ही टाका.

उपनगरात १००० चौरस मीटरचा प्लॉट, ४४ फुटी (साधारण साडेतेरा मीटर) रस्ता, २४ सभासद, प्रत्येकाचं ४५० फूट कार्पेट. २.२ ने २२०० मीटर, त्यावर फंजिबल ७७० मीटर, झाले २९७० मीटर, म्हणजे साधारण ३२,००० फूट बिल्टअप. भिंती वगैरे जाऊन कार्पेट २८,४०० फूट धरू. सभासदांना प्रत्येकी ६०० दिले तर १४,४०० गेले, विकायला उरले १४,००० फूट. भाव २८,००० रुपये फूट धरला तर येणार ३९ कोटी २० लाख.

आता खर्च. बांधायचं क्षेत्र बिल्टअपपेक्षा बरंच जास्त असतं कारण जिना, लिफ्ट, पार्किंग, टाक्या हे सगळं बांधावं लागतं, ४६,००० फूट धरा आणि फुटाला ४,००० रुपये, झाले १८ कोटी ४० लाख. काँट्रॅक्टरच्या बिलावर १८ टक्के जीएसटी, ३ कोटी ३० लाख, हा आकडा नवीन कमिट्या हमखास विसरतात. प्रीमियम, टीडीआर आणि पालिकेच्या फिया ५.५ कोटी. भाडं, २४ घरांना महिना ३५,००० प्रमाणे ३६ महिने, ३ कोटी. आर्किटेक्ट, पीएमसी, वकील, सीए मिळून दीड कोटी. व्याज २ कोटी. वर ५ टक्के अडीअडचणीला, १ कोटी ७० लाख. बेरीज ३५ कोटी ४० लाख. उरले ३ कोटी ८० लाख. मीटिंगमध्ये हा आकडा सांगितला की टाळ्या पडतात.

टाळ्या पडायच्या आत त्याच एक्सेलची दुसरी शीट उघडा. भाव १५ टक्के पडला तर विक्री ३३ कोटी ३० लाख. काम एक वर्ष लांबलं तर भाड्याचा अजून एक कोटी, वाढीव व्याज वेगळंच. म्हणजे तीन कोटींच्या वर खड्डा, आणि तो भरायला बिल्डर नाही, २४ सभासद आहेत, प्रत्येकी साडेबारा-तेरा लाख. बिल्डर नफा घेतो तो याचाच घेतो हेही मान्य करायला पाहिजे, सगळेच काही लुटारू नसतात.

मग करायचं काय, तर हाव कमी करायची. ६०० ऐवजी ५५० फूट घेतलं तर विकायला १,२०० फूट वाढतात, पडलेल्या भावानेसुद्धा पावणेतीन कोटींच्या वर येतात आणि खड्डा जवळजवळ बुजतो. आणि एक गंमत, मुंबईत ५०० फूट कार्पेटपर्यंतच्या राहत्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. आज ४५० वाल्यांना तो भरावा लागत नाही, ६०० घेतल्यावर लागणार. ज्यांच्या घरी पेन्शनशिवाय काही येत नाही त्यांना हे आधी सांगा, आणि हवं असेल तर ४९० चा पर्याय ठेवा, त्यांचा उरलेला एरिया पैशात द्या.

पायरी ५ : माणसं

कायद्याने बघाल तर सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या जीआरप्रमाणे विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत आणि एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची संमती. २४ मध्ये १६ हजर, १३ ची संमती. पण १३ च्या जोरावर काम सुरू करू नका, माझं स्पष्ट मत आहे. बिल्डरकडे वकिलांची फौज असते आणि थांबायला पैसा असतो, तुमच्याकडे दोन्ही नाही, त्यामुळे घर रिकामं न करणारा एक सभासदसुद्धा तुम्हाला वर्षभर लटकवू शकतो.

भांडण एफएसआयवरून कधीच होत नाही, गॅलरीवरून होतं. आर्किटेक्टचा माणूस लेझर मीटर घेऊन घरोघरी मोजायला येतो आणि तळमजल्यावरचे काका त्याला मागची खोली दाखवतात जी १९९४ साली त्यांनी ओपन स्पेसमध्ये पत्रा टाकून केली, तिथे आता फ्रीज आहे, देव्हारा आहे, नातवाचं टेबल आहे. माणूस मंजूर प्लॅन बघतो आणि ती खोली मोजत नाही. वरच्या मजल्यावर ग्रिल पुढे काढून खिडकीत चार कुंड्या आणि वॉशिंग मशीन बसवलंय, तेही मोजत नाही. संध्याकाळपर्यंत जिन्यात ‘त्यांचं धरलं आमचं नाही’ सुरू. यावर एकच औषध आहे, मोजणीच्या आधी सभेत ठराव करा की फक्त मंजूर प्लॅनमधला कार्पेट एरिया धरला जाईल, सगळ्यांना सारखा नियम, आणि मोजणी झाल्यावर घरनिहाय तक्ता नोटीस बोर्डावर लावा, सही घ्या. अध्यक्षांच्या घरापासून मोजायला सुरुवात करा, फरक पडतो.

ज्यांच्या फ्लॅटवर गृहकर्ज चालू आहे त्यांच्या बँकेची परवानगी लागणार. जे वारले आणि वारसांची नावं लागली नाहीत त्यांचं आत्ताच मार्गी लावा. भाडेकरू ठेवून स्वतः पुण्याला राहणारे सभासद मीटिंगला येत नाहीत, त्यांना फोन करून बोलवा. आणि म्हाताऱ्या मंडळींशी वेगळं बसून बोला, त्यांना एरियाची पडलेली नसते, ‘मी परत येईन का या घरात’ हा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांची किती वर्षं बाहेर गेली हे सगळ्यांनी पेपरात वाचलंय.

सभेचं इतिवृत्त नीट लिहा, व्हिडिओ शूटिंग करा, सात दिवसांत प्रत सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. कंटाळवाणं काम आहे पण पुढे हेच वाचवतं.

पायरी ६ : टीम

आर्किटेक्ट, पीएमसी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, आरसीसी कन्सल्टंट, वकील, सीए आणि शेवटी काँट्रॅक्टर. पीएमसी आणि काँट्रॅक्टर एकमेकांचे भाऊबंद नकोत, कारण बिल तपासणारा आणि बिल लावणारा एकाच ताटात जेवत असेल तर तुमची तपासणी झालीच. त्यांनी पूर्ण केलेली इमारत बघायला जा, सेक्रेटरीला नको, तिथल्या सभासदांना भेटा, पावसाळ्यात गेलात तर उत्तम, गळती दिसते.

सोसायटीत एक बांधकाम उपसमिती करा, पाच जणांची, कमिटीपेक्षा वेगळी. एक हिशोबाचा, एक साइटवर रोज जाऊ शकणारा रिटायर्ड माणूस, एक कागदपत्रांचा, आणि निदान दोन बायका, कारण घर कसं वापरलं जातं, ओटा कुठे, मोरी कुठे, कपडे वाळत कुठे घालायचे हे त्यांना जास्त कळतं आणि त्या साइटवर काँट्रॅक्टरला गोड बोलून सोडत नाहीत.

पायरी ७ : पैसा कुठून आणायचा

पहिले पैसे सभासदांचे. बँक कागद तयार झाल्याशिवाय दारात उभी करत नाही, आणि कागद करायला सर्व्हे, आर्किटेक्ट, वकील यांना पैसे लागतात. घरटी लाखभर काढलेत तर २४ लाख होतात, तेवढ्यात सुरुवात होते. सिंकिंग फंड यासाठीच असतो, दरवर्षी बांधकाम खर्चाच्या पाव टक्का जमा व्हायला हवा होता, झाला असेल तर सभेच्या ठरावाने वापरा.

मग कर्ज. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, जिला सगळे मुंबई बँक म्हणतात, ती स्वयंपुनर्विकासाला कर्ज देते आणि आत्तापर्यंतच्या बऱ्याच प्रकल्पांच्या मागे तीच आहे. कर्ज टप्प्याटप्प्याने सुटतं, जमीन तारण राहते. सरकारने १३ सप्टेंबर २०१९ च्या जीआरमध्ये स्वयंपुनर्विकासाला सवलती जाहीर केल्या, एक खिडकी, १० टक्के जादा एफएसआय, व्याजात ४ टक्के सवलत वगैरे. वाचायला छान वाटतं, पण जोपर्यंत तुमच्या सोसायटीच्या नावाने लेखी हातात येत नाही तोपर्यंत एकही सवलत हिशोबात धरू नका. आली तर बोनस.

तिसरा पैसा म्हणजे सोसायटीतल्याच ज्यांच्याकडे आहे त्यांचा. रिटायर झालेल्यांच्या एफडी असतात, परदेशात मुलं असतात. त्यांच्याकडून सोसायटीने ठेव घेतली आणि बँकेच्या कर्जापेक्षा कमी पण एफडीपेक्षा जास्त व्याज दिलं तर दोघांचाही फायदा. सहकार कायद्याच्या ४३ व्या कलमात कर्ज-ठेवी घ्यायच्या मर्यादा आहेत, त्या सीएकडून तपासून, सभेत ठराव करून, सगळ्यांना एकच दर लावून घ्या. पण बाहेरच्या लोकांकडून ‘महिन्याला इतके टक्के परतावा’ म्हणून एक रुपयाही घेऊ नका, २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा आहे आणि चांगल्या हेतूने गोळा केलेला पैसासुद्धा त्यात सापडू शकतो. असं कोणी सुचवलं, मग तो कितीही ओळखीचा असो, तिथेच नमस्कार.

पायरी ८ : परवानग्या

साध्या प्लॉटला परवानगी पालिकेची, म्हाडा लेआउटमध्ये २०१८ पासून म्हाडाचीच. आधी आयओडी (प्लॅनची अटींसह मंजुरी), त्यातल्या अटी पूर्ण करा, घरं रिकामी करा, पाडा, मग प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला), प्लिंथ तपासली की पुढची सीसी, शेवटी ओसी (राहायला जायचा दाखला). सगळ्यात महत्त्वाचं हे की आयओडी हातात आल्याशिवाय आणि कर्ज मंजूर झाल्याशिवाय कोणीही घर सोडायचं नाही.

विक्रीचे फ्लॅट असतील तर महारेरात, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदणी लागते. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट आठच्या वर असले की लागतेच, आणि इथे प्रवर्तक म्हणजे प्रमोटर तुम्ही, सोसायटी. म्हणजे घेणाऱ्याच्या तक्रारीला उत्तर तुम्हीच देणार. नोंदणी नंबर मिळायच्या आधी जाहिरात नाही, बुकिंग नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आमच्याकडे फ्लॅट आहेत’ असंसुद्धा नाही. रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे नाहीत, आणि आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, ते जमीन आणि बांधकामालाच वापरायचे.

पायरी ९ : विकायचं कोणाला

खरं तर हा सगळा खटाटोप मला याच्यासाठी आवडतो. बिल्डर वरचे मजले जो जास्त देईल त्याला विकणार, त्यात त्याची चूक नाही. सोसायटी ठरवू शकते. ज्या २४ घरांचं आपण बोलतोय त्यातल्या निदान सात-आठ घरातली मुलं आज डोंबिवलीत नाहीतर नालासोपाऱ्यात राहतात आणि रोज दीड तास लोकलला लटकून परत इथेच कामाला येतात, आईवडिलांचं दुखलंखुपलं की रात्रीची धावपळ.

त्यातल्या चौघांना ४०० फुटांचे फ्लॅट, फुटाला ३,००० रुपये कमी लावून दिले तर सोसायटीचं किती जातं? चार गुणिले ४०० गुणिले ३,०००, ४८ लाख. २४ जणांत वाटले तर माणशी २ लाख. ही किंमत सभेत उघड सांगा आणि मग मत घ्या. बऱ्याच सोसायट्यांत लोक हो म्हणतील, नाही म्हणाले तरी निदान कळून नाही म्हणतील. फ्लॅटही त्या हिशोबाने काढा, सगळे टू बीएचके काढायची गरज नाही, छोटे वन बीएचके ठेवा, ते लवकरही विकले जातात.

पण नियम आधी ठरवा. कोण पात्र, सभासदांची मुलं की अनेक वर्षं तिथेच भाड्याने राहणारी कुटुंबंसुद्धा, अर्ज जास्त आले तर चिठ्ठी, चिठ्ठी सर्वांसमोर आणि शक्यतो सोसायटीबाहेरच्या कोणा लहान मुलाच्या हातून. कमिटीतल्या कोणाचा मुलगा अर्जदार असेल तर त्याने त्या ठरावात मत द्यायचं नाही. स्वस्तात घेऊन सहा महिन्यांत चढ्या भावाने विकून मोकळा झाला असं होऊ नये म्हणून अ‍ॅग्रीमेंटमध्ये काही वर्षं पहिला हक्क सोसायटीचा, अशी अट वकिलाकडून नीट लिहून घ्या. आणि भाव रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या, खाली नेऊ नका. स्टँप ड्युटी रेकनरवरच लागते, आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर देणारा घेणारा दोघांच्याही मागे इन्कम टॅक्स लागतो, म्हणजे केलेली मेहेरबानी टॅक्समध्ये जायची.

पायरी १० : काम चालू असताना

काँट्रॅक्टरला मोठा अ‍ॅडव्हान्स नाही. बिल मोजमापावर, पीएमसीची सही, मग उपसमितीची सही, मग चेक. प्रत्येक बिलातून ५ टक्के रिटेन्शन कापून ठेवा, ते ताबा दिल्यावर गळती वगैरेची मुदत संपली की द्यायचे. काँक्रीट ओतलं की क्यूब भरून ठेवतात, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी तोडून बघतात, त्या टेस्टचे रिपोर्ट फाइलला लावा, बाहेरच्या लॅबचे. साइटवर जाणाऱ्या माणसाने रोज चार फोटो ग्रुपवर टाकले तरी अफवा अर्ध्या होतात.

दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी जमा-खर्चाचं एक पान सगळ्यांना द्या. विक्री मंदावली असेल तर ती त्या पानावर दिसली पाहिजे, लपवू नका. भाडं थकायला लागलं आणि कारण कोणी सांगितलं नाही की तीस वर्षांचे शेजारी एकमेकांकडे बघेनासे होतात.

पायरी ११ : ताबा आणि त्यानंतर

ओसी आल्यावरच राहायला जायचं, ‘सणाच्या आधी पूजा करून घेऊ’ म्हणून कोणी किल्ली मागितली तरी नाही. ओसीशिवाय पालिकेचं पाणी दुप्पट दराने पडतं, आणि ओसी आल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नसतो, म्हणून दोन-तीन फ्लॅट मुद्दाम शेवटाला ठेवणाऱ्या सोसायट्याही असतात, पैशाची ओढाताण नसेल तर वाईट नाही.

मेंटेनन्सचं आधी बोलून ठेवा. चार मजली इमारतीत जिना होता, आता दोन लिफ्ट, पंप, जनरेटर, फायर सिस्टिम, सिक्युरिटी, महिन्याचं बिल कितीतरी पट होतं. जे पैसे उरतील ते सगळे वाटून टाकू नका, काही भाग कॉर्पसला ठेवा आणि त्याच्या व्याजातून जुन्या सभासदांचा वाढीव मेंटेनन्स थोडा हलका करा. नवीन फ्लॅटवाल्यांना सोसायटीचं सभासदत्व ताबडतोब द्या, पुढच्या एजीएमला त्यांनाही बोलवा, पार्किंगच्या वाटपाचा ठराव त्यांच्या समोरच होऊ द्या, नाहीतर जुने आणि नवीन असे दोन गट पहिल्या गणपतीलाच पडतात आणि वर्गणीची दोन पावती पुस्तकं फिरायला लागतात.